पांढरी पाटी, पिवळी पाटी आणि वेगाचा लगाम

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून तयार झालेल्या दोन मोटारी रोज शेजारीशेजारी धावताना दिसतात. दोहोंचे इंजिन तेच, ब्रेक तेच, टायरही तेच. फरक असतो तो नंबराच्या पाटीचा. एकीची पाटी पांढरी; ती खाजगी मालकाची. दुसरीची पिवळी, ती भाड्याने चालणारी. पिवळ्या पाटीच्या गाडीने ताशी ८० किलोमीटरचा वेग गाठला की चालकाने पायाखालचा पेडल कितीही दाबला तरी गाडी पुढे रेटत नाही, कारण तिच्या वेगाला कारखान्यातूनच लगाम घालून दिलेला असतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीला असा लगाम नाही. तिने ८० चा आकडा ओलांडला की आतल्या आत एक घंटी अधूनमधून वाजते, १२० ओलांडला की ती सतत वाजू लागते, आणि मालकाने संगीताचा आवाज वाढवला की तीही ऐकू येईनाशी होते.

यंत्र एक, रस्ता एक, समोर येणाऱ्या माणसाचे हाडामांसाचे शरीरही एकच. मग कायदा दोन का, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. मोटारीच्या वेगाची मर्यादा ही तंत्रज्ञांची बाब आहे, तिच्यात राजकारणाचा काय संबंध, असे समजून पुरोगामी मंडळींनी या प्रश्नाकडे आजवर पाठच फिरवली. वस्तुतः कोणाच्या वेगाला लगाम घालायचा आणि कोणाला मोकळे सोडायचे, याइतका राजकीय प्रश्न रस्त्यावर दुसरा नाही.

या लगामाभोवती आता एक धंदाही उभा राहिला आहे. शहरोशहरी अशी गॅरेजे निघाली आहेत, जिथे मोटारीच्या संगणकाला लॅपटॉप जोडून कारखान्याने घालून दिलेल्या मर्यादा बदलून दिल्या जातात. त्याला रीमॅपिंग म्हणतात. इंजिनाची ताकद वाढवून मिळते, फेऱ्यांची मर्यादा वर सरकवली जाते, वेगाची मर्यादा असेल तर काढून टाकली जाते. पैसेवाला तरुण हौसेने हे करून घेतो. ट्रक आणि टॅक्सीचा चालकही आपल्या गाडीवरचा वेगनियंत्रक निकामी करून घेतो. पण त्याची कारणे हौसेची नसतात. या दोघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

दोन मर्यादा, दोन हेतू

प्रथम यंत्र समजून घेतले पाहिजे. आधुनिक मोटारीत दोन वेगवेगळ्या मर्यादा असतात आणि त्यांची नेहमी गल्लत केली जाते. पहिली इंजिनाच्या फेऱ्यांची. तिला रेव्ह लिमिटर म्हणतात. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर त्यातला प्रत्येक पिस्टन सेकंदाला शंभर वेळा वर आणि शंभर वेळा खाली जातो. म्हणजे एका सेकंदात दोनशे वेळा थांबून दिशा बदलतो. या उलटापालटीत कनेक्टिंग रॉडवर आणि त्याच्या बोल्टांवर जो ताण पडतो, तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,५०० ची मर्यादा ७,००० वर नेली तर फेरे वाढतात जेमतेम आठ टक्के, ताण मात्र सुमारे सोळा टक्क्यांनी वाढतो. झडपांच्या स्प्रिंगांनाही एका मर्यादेपलीकडे तो वेग पेलत नाही आणि झडप वेळेवर मिटेनाशी होते. म्हणून ठराविक आकडा आला की संगणक क्षणभर इंधन किंवा ठिणगी तोडतो. चालकाने चढा गिअर सोडून चुकून फार खालचा गिअर टाकला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि तिथे ही मर्यादाही उपयोगी पडत नाही.

दुसरी मर्यादा गाडीच्या वेगाची. संगणक चाकांचा वेग मोजतो आणि ठरलेला आकडा गाठला की इंजिनाची ताकद आवरतो. तिचा एक हेतू तांत्रिक असतो. टायरवर छापलेले इंग्रजी अक्षर तो टायर कोणत्या वेगापर्यंत टिकेल हे सांगते. ‘एस’ म्हणजे १८० पर्यंत, ‘टी’ म्हणजे १९० पर्यंत, ‘एच’ म्हणजे २१० पर्यंत. गाडी टायरच्या कुवतीपलीकडे धावू नये एवढे कारखाना पाहतो. परंतु या मर्यादेचा मोठा हेतू सामाजिक आहे. वेग ८० वरून १२० झाला तर तो दीडपट होतो, पण गाडीच्या अंगी असलेली धडकेची ऊर्जा सव्वादोन पट होते. १२० च्या वेगात एका सेकंदात गाडी सुमारे ३३ मीटर पुढे जाते. चालकाने संकट पाहून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत तेवढे अंतर संपलेले असते.

येथे एक गोष्ट डोळ्यांत भरते. फेऱ्यांची मर्यादा मालकाच्या इंजिनाचे, म्हणजे त्याच्या मालमत्तेचे रक्षण करते. वेगाची मर्यादा इतरांच्या जिवाचे रक्षण करते. पहिल्या मर्यादेविरुद्ध आजवर कोणी स्वातंत्र्याचा झेंडा उभारल्याचे ऐकिवात नाही. इंजिन फुटू नये म्हणून यंत्राने चालकाची आज्ञा मोडली, तर ती उत्तम अभियांत्रिकी ठरते. रस्ता ओलांडणारी म्हातारी वाचावी म्हणून यंत्राने तीच आज्ञा मोडायची म्हटले, की ती व्यक्तिस्वातंत्र्यावरची गदा ठरते. मालमत्तेला जे संरक्षण निमूटपणे मिळते ते माणसाला मागून, भांडूनही मिळत नाही; या विसंगतीचे मूळ शोधले पाहिजे.

सिनसिनाटीचा कौल

यंत्राला वेगाचा लगाम घालण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. जेम्स वॅट याने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक बसवला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची वाट अरुंद होई. इंग्रजीत या यंत्राला आणि राज्यपालाला शब्द एकच, गव्हर्नर. गिरणीमालकांनी हा नियंत्रक आनंदाने स्वीकारला, कारण इंजिनाचा वेग एकसारखा राहिला तर सूत तुटत नसे आणि माल बिघडत नसे. नफ्याला पोषक असलेल्या नियंत्रणाला मालकवर्ग कधी विरोध करीत नाही.

तेच तत्त्व मोटारीला लावायचे ठरले तेव्हा काय झाले, हे अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहराने १९२३ साली दाखवले. शहराच्या रस्त्यांवर मोटारींखाली माणसे, विशेषतः लहान मुले, मोठ्या संख्येने मरत होती. शहरातील प्रत्येक मोटारीला यांत्रिक नियंत्रक बसवून तिचा वेग ताशी २५ मैलांवर, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरवर रोखावा, असा ठराव नागरिकांनी पुढे आणला. त्यासाठी ४२,००० सह्या गोळा झाल्या. मोटारी विकणारे व्यापारी, मोटारमालकांच्या संघटना आणि कारखानदार या ठरावाविरुद्ध एकवटले. त्यांनी प्रचारावर पाण्यासारखा पैसा ओतला आणि नोव्हेंबर १९२३ च्या मतदानात ठराव पडला.

त्या लढाईचे महत्त्व एका शहरापुरते नव्हते. आपल्या मालाचे मुख्य आकर्षण म्हणजे वेग, आणि तोच नियंत्रणाखाली गेला तर बाजार गेला, हे मोटारउद्योगाला त्या प्रसंगाने उमगले. पुढच्या काळात दोषाची दिशाच बदलण्यात आली. रस्त्यावर चालणारा माणूस, जो तोवर रस्त्याचा हक्कदार होता, तोच बेशिस्त ठरवला गेला. वेगाचा प्रश्न यंत्राच्या रचनेतून उचलून चालकाच्या चारित्र्यावर आणि पादचाऱ्याच्या सावधगिरीवर टाकण्यात आला. आजही आपल्याकडे रस्ते सुरक्षा सप्ताह साजरा होतो तेव्हा शाळेतल्या मुलांकडून घोषणा लिहवून घेतल्या जातात. कारखानदाराला कोणी प्रश्न विचारत नाही.

कुलपाची किल्ली विकाऊ

यंत्राला मर्यादा घालता येत नाही, हा युक्तिवाद कारखानदारांनी स्वतःच खोटा पाडला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत मोटारींच्या बेसुमार वेगाविरुद्ध जनमत तापू लागले, तेव्हा तेथील बड्या कंपन्यांनी आपापसात समजूत करून आपल्या गाड्या ताशी २५० किलोमीटरवर रोखल्या. कायदा येऊ नये म्हणून केलेला तो शहाणपणाचा सौदा होता. जपानी कंपन्यांनी त्याच सुमारास इंजिनाची ताकद २८० अश्वशक्तीपेक्षा अधिक न दाखवण्याचे ठरवले आणि २००४ पर्यंत ते पाळले. वेगाची मर्यादा त्यांनी १८० वर ठेवली. त्या काळात जपानच्या द्रुतगती मार्गांवर कायद्याने १०० पेक्षा अधिक वेग घेता येत नव्हता. म्हणजे कायद्याने जेवढे चालेल त्याच्या जवळजवळ दुप्पट वेग, ही तेथील संयमाची व्याख्या होती! २०२० पासून व्होल्व्हो कंपनीने आपल्या सर्व नव्या मोटारींचा वेग १८० वर रोखला. कंपनीचे दिवाळे निघाले नाही.

पुढची पायरी अधिक बोधप्रद आहे. काही जर्मन कंपन्या जादा रक्कम घेऊन २५० ची मर्यादा स्वतःच वर सरकवून देतात. मर्सिडीझ-बेंझने २०२२ साली अमेरिकेत आपल्या काही विजेच्या मोटारींसाठी वर्षाला १,२०० डॉलर भरल्यास गाडी अधिक झपाट्याने वेग घेईल अशी योजना जाहीर केली. मोटर तीच, ती गाडीसोबत ग्राहकाने आधीच विकत घेतलेली. कंपनीने एक कुलूप घातले आणि किल्लीचे भाडे मागितले. अर्थशास्त्रात याला खंड म्हणतात. पूर्वी जमीनदार जमिनीवर काहीही न करता खंड वसूल करी. आज संगणकाच्या आज्ञावलीतला एक आकडा बदलण्याचा खंड वसूल केला जातो.

रस्त्यावरचा रीमॅपिंगवाला या बाजारातला लहान दुकानदार आहे. बडी कंपनी जे अधिकृतपणे विकते तेच तो अनधिकृतपणे, स्वस्तात विकतो. एकाच इंजिनाचे कमी ताकदीचे आणि अधिक ताकदीचे प्रकार कंपनी वेगवेगळ्या किमतींना विकत असेल, आणि त्यांतला फरक बहुतांशी आज्ञावलीचाच असेल, तर ग्राहकाला तो फरक पुसून टाकण्याचा मोह होणारच. ताकद वाढवली की गिअरपेटी, क्लच आणि ब्रेक मात्र जुन्याच हिशेबाचे राहतात, हे त्याला कोणी सांगत नाही.

या हौसेचे अर्थशास्त्रही ध्यानात घेण्यासारखे आहे. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली ‘सोशल लिमिट्स टु ग्रोथ’ या ग्रंथात स्थानसापेक्ष वस्तूंची कल्पना मांडली. अशा वस्तूचे मोल ती इतरांपाशी नाही यातच असते. मोटारीची जादा ताकद ही अशीच वस्तू होय. शेजाऱ्याने २०० चा वेग घेणारी गाडी आणली की १८० ची गाडी जुनी वाटू लागते. ही शर्यत सर्वांनी मिळून थांबवली तर कोणाचेच काही बिघडत नाही. एकट्याने थांबावे असे मात्र कोणालाच वाटत नाही. सामुदायिक नियमनाची गरज नेमकी अशाच ठिकाणी असते.

येथला कायदा

आता आपल्या कायद्याकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील ११८ वा नियम वेगनियंत्रकाविषयी आहे. २०१५ च्या अधिसूचनेने त्याला आजचे रूप येऊ लागले. मालवाहू ट्रक, प्रवासी बस आणि भाड्याने चालणाऱ्या मोटारी यांना ८० किलोमीटरचा, तर डंपर, टँकर आणि शाळेच्या बसगाड्या यांना ६० चा लगाम ठरला. खाजगी मोटारीला तो नाही. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या नव्या मोटारींत इशाऱ्याची घंटी तेवढी सक्तीची झाली.

तपासणीच्या बाबतीतही हाच भेद दिसतो. भाड्याच्या वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याला बोलीभाषेत पासिंग म्हणतात. खाजगी मोटारीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षे ती यंत्र म्हणून कोणाच्या नजरेखालून जात नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठरवल्या. कागदावर हे सारे चोख दिसते. परंतु संगणकातला बदललेला आकडा बाहेरून दिसत नाही. मोठा सायलेन्सर पोलिसाला ऐकू येतो, रुंद टायर दिसतो. आज्ञावली ना दिसते ना ऐकू येते. ती वाचण्याची व्यवस्था नसेल तर शिक्षेचे कलम शोभेपुरते उरते.

युरोपमध्ये तरी निराळे काय आहे, असे विचारता येईल. तेथेही अवजड ट्रकांना ९० चा आणि बसगाड्यांना १०० चा सक्तीचा लगाम आहे, आणि त्याची सुरुवात १९९२ च्या निर्देशापासून झाली. खाजगी मोटारींसाठी जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादा ओळखून इशारा देणारी किंवा वेग आवरणारी यंत्रणा सक्तीची झाली. पण चालक ती प्रत्येक प्रवासात बंद करू शकतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात नुसता इशारा देणारे यंत्र सक्तीचे करण्याचे विधेयक २०२४ साली विधिमंडळाने मंजूर केले, तर गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवले. जगभर एकच सूत्र दिसते: जो पोटासाठी गाडी चालवतो त्याच्यावर यंत्राची सक्ती, जो स्वतःच्या मोटारीत बसतो त्याला नम्र विनंती.

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. केंद्र सरकारच्या अहवालानुसार त्यांतले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाले. पोलिसांच्या नोंदीतला ‘अतिवेग’ हा रकाना ढोबळ असतो, खराब रस्ता आणि सदोष रचना यांचा दोषही त्यात खपवला जातो, हे मान्य केले तरी आकडा लहान होत नाही. मृतांमध्ये सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार आणि १९ टक्के पायी चालणारे होते. वेगाचा आनंद काचा लावलेल्या, हवेच्या पिशव्यांनी सज्ज अशा गाडीत बसलेल्याला मिळतो. त्याची किंमत बहुधा बाहेरचा माणूस मोजतो. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील जी तफावत दाखवून दिली, तिचे याहून विदारक उदाहरण मिळणार नाही.

चालक यंत्र का काढतो

याचा अर्थ ट्रक आणि टॅक्सीवरचे वेगनियंत्रक काढून टाकावेत असा मुळीच नाही. चाळीस टनांचा ट्रक ८० च्या वर धावू नये हे योग्यच आहे. तथापि ते यंत्र पासिंगच्या दिवशी चालू आणि दुसऱ्या दिवशी बंद असते, हे परिवहन व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. कुठे तार सोडवली जाते, कुठे संवेदकाला चकवले जाते, कुठे गॅरेजवाला संगणकातला आकडाच बदलतो. पकडला जातो तो चालक, आणि बेजबाबदार म्हणून वर्तमानपत्रात त्याचीच नाचक्की होते.

पण त्याचा हिशेब कोणी मांडला आहे काय? ट्रकचालकाला बहुतेक ठिकाणी पगार खेपेवर मिळतो. माल ठरल्या वेळी पोहोचला नाही तर कपात होते. टोलनाक्यावर, गोदामाच्या दारात, चढउतारासाठी गेलेले तास कोणी मोजत नाही. ते त्याला रस्त्यावर वेग वाढवून भरून काढावे लागतात. टॅक्सीवाल्याच्या डोक्यावर गाडीचा हप्ता असतो आणि कंपनीच्या फोनवरच्या यंत्रणेने ठरवलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या तरच उत्तेजनाची रक्कम हाती पडते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाचा दिवस आठ तासांचा आणि आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा ठरवला; लांब पल्ल्यासाठी दहा तासांची मुभा ठेवली. ज्या आस्थापनेत पाचांहून कमी कामगार तिला तो लागूच नव्हता, आणि या धंद्यातले असंख्य मालक एकदोन गाड्यांचेच धनी. पुढे तो कायदा २०२० च्या संहितेत विलीन करण्यात आला. कागदावरचा आठ तासांचा दिवस महामार्गावर क्वचितच उतरला.

अशा परिस्थितीत वेगनियंत्रक म्हणजे एका हाताने चालकाला मागे खेचणे आणि मजुरीची पद्धत म्हणजे दुसऱ्या हाताने त्याला पुढे ढकलणे होय. दोहोंच्या ओढाताणीत यंत्र मोडते किंवा माणूस मोडतो. लगाम इंजिनाला घालायचा आणि खेपेच्या दराला मोकळे सोडायचे, यातून सुरक्षितता येणार नाही. ज्या दिवशी थांबलेल्या तासांचीही मजुरी मिळेल, त्या दिवशी नियंत्रकाची तार सोडवण्याचे कारण उरणार नाही.

आक्षेप आणि उत्तरे

चालकांचा एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. ज्या रस्त्यावर मोटारींना १०० चा वेग कायद्यानेच मोकळा आहे, समृद्धी महामार्गावर तर १२० चा, तेथे ८० वर अडकलेली टॅक्सी मागून येणाऱ्या गाड्यांना अडथळा होते, आणि पुढच्या वाहनाला ओलांडताना ऐनवेळी ताकद संपते. वेगातील तफावत हेही अपघाताचे कारण असते. म्हणून हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरचा उपाय सर्वांचे लगाम काढणे हा नसून सारख्या वाहनाला सारखी मर्यादा लावणे हा आहे. एकाच बनावटीच्या दोन मोटारींत पाटीच्या रंगावरून भेद करायला कोणताही तांत्रिक आधार नाही.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. आपल्या पैशाने घेतलेल्या वस्तूत हवा तो बदल करण्याचा अधिकार मालकाला नको काय? येथे दोन कुलपांमधला फरक स्पष्ट केला पाहिजे. कंपन्या आपल्या गाडीच्या संगणकाला कुलूप घालतात, दोष शोधण्याची साधने केवळ आपल्या अधिकृत केंद्रांना देतात, आणि रस्त्यावरच्या मिस्त्रीला, ज्याने तीस वर्षे हाताने इंजिने उघडून संसार केला, त्याला धंद्यातून हुसकावतात. हे कुलूप मक्तेदारीचे आहे आणि ते तोडलेच पाहिजे. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत मोटारींचाही समावेश केला. त्या दिशेने दबाव वाढवण्याची गरज आहे. वेगमर्यादेचे कुलूप मात्र समाजाने सर्वांच्या जिवासाठी घातलेले असते. पहिले कुलूप उघडण्याचा हक्क मिस्त्रीला द्यावा आणि दुसरे कोणालाही उघडू देऊ नये, यात विसंगती नाही. दुरुस्ती म्हणजे यंत्र पूर्ववत करणे. दुसऱ्याच्या जिवावरचा धोका वाढवणे हा दुरुस्तीचा भाग होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप असा की, संकटातून निसटण्यासाठी कधी कधी जादा वेग लागतो. क्वचित लागतही असेल. परंतु देशात कोठेही १२० पेक्षा अधिक वेग कायदेशीर नाही, आणि त्याच्याही पलीकडचा वेग घेऊन टळलेल्या संकटांपेक्षा त्या वेगाने ओढवलेली संकटे कितीतरी अधिक असतात. शर्यतीची हौस असणाऱ्यांसाठी बंदिस्त मैदाने आहेत. तेथे त्यांनी आपल्या जबाबदारीवर हवे ते प्रयोग करावेत.

मागणी काय असावी

तेव्हा मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला, मग ती लक्षाधीशाची असो वा टॅक्सीवाल्याची, कारखान्यातच वेगाची एक समान मर्यादा घालण्यात यावी आणि ती देशातल्या सर्वोच्च कायदेशीर वेगापेक्षा अधिक नसावी. ही मर्यादा बदलली गेल्यास तपासणीत ती उघडकीस येईल अशी खूण आज्ञावलीत ठेवण्याची जबाबदारी कंपनीवर असावी. खाजगी मोटारींचीही ठराविक मुदतीने तपासणी व्हावी. भाड्याच्या वाहनाचा नियंत्रक निकामी आढळला तर पहिला जाब गाडीमालकाला आणि माल पाठवणाऱ्याला विचारला जावा, चालकाला नंतर. आणि या सर्वांबरोबर चालकांच्या कामाच्या तासांची नोंद ठेवणे व थांबलेल्या वेळेची मजुरी देणे सक्तीचे व्हावे.

यांपैकी पहिली मागणी सर्वांत अवघड आहे, कारण ती मध्यमवर्गाच्या अभिमानाला आणि कारखानदाराच्या जाहिरातीला एकाच वेळी भिडते. मोटारचालक-मालकांच्या संघटनांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना ती मांडताना एक सोय मात्र आहे. टॅक्सीवाल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. घाट उतरल्यावर सपाटीला लागताच आपल्या उजव्या बाजूने, आपल्याच बनावटीच्या पांढऱ्या पाटीच्या गाड्या सुसाट निघून जाताना तो रोज पाहतो. आपला ८० चा लगाम काढा, ही आज त्याची मागणी आहे. त्यांच्या गाड्यांनाही लगाम घाला आणि आमच्या थांबलेल्या तासांचे पैसे द्या, एवढी ती पुढे न्यायची आहे.